दुसरा नमुना

फॉर्म कन्नडात. नाव मी विचारून लिहिते.
यल्लाप्पा भरमा कणबरकर, वय शहात्तर,
मुक्काम बेळगुंदी.
हुद्दा त्यांनीच सांगितला, न विचारता:
नाईक, निवृत्त.
‘ज्वर’च्या रकान्यात सात दिवस.
हा शब्द तेवढा दोन्हीकडे चालतो.

दंडाला रबर बांधला, शीर लगेच सापडली.
“बाई, हात हलका हाय की तुमचा.”
सकाळपासूनची चाळिसावी सुई ही,
हातसुद्धा शिकतो, म्हटलं.

रक्त उभं ठेवलं. तासाभरात लाल खाली बसलं,
वर राहिलं ते
भाताच्या सुक्या काडाच्या रंगाचं पाणी.
नळ्या मांडल्या आठ.
पहिलीत एकास वीस, तिच्यातलं निम्मं दुसरीत,
दुसरीतलं निम्मं तिसरीत,
पाहुणे वाढत जावेत आणि आमटी पातळ होत जावी तसं.
कुठवर चव लागते, एवढंच बघायचं.

मग निळा थेंब. त्यात भलताच जंतू,
ज्याचा उवांच्या तापाशी काडीचा संबंध नाही,
फक्त चेहरा थोडा मिळतो.
रक्त त्याला बघून फसतं
आणि ते फसणं हाच आमचा पुरावा.
(शिवलीला सिस्टर म्हणते, मला मराठी येत नाही,
आणि आमच्या सगळ्या विनोदांना वेळेवर हसते.)

रात्रभर सदतीस अंशात.
सकाळी नळ्या खिडकीशी धरल्या: गुठळी कुठेच नाही.
तळाशी नुसतं निळं बटण, शर्टाला लावावं तसं,
आठही नळ्यांत.
वाईल-फेलिक्स निगेटिव्ह.

डॉक्टर हुक्केरींनी गोळ्या कधीच सुरू केल्या होत्या.
रिपोर्टसाठी ताप थांबतो होय?
पण छातीवरचं पुरळ त्यांना झोपू देईना.
“ऊ?” त्यांनी विचारलं.
सुनेनं पदर ओढून घेतला. “आमच्यात? रोज धुणं आहे, डॉक्टर.”
खरं होतं. बनियनची शिवण मी भिंगाखाली पाहिली,
निळीचा वास, बाकी काही नाही.

दहाव्या दिवशी दुसरा नमुना.
ताप उतरला होता, तरी आले, दाढी करून,
दिलेल्या वेळेच्या पाच मिनिटं आधी.
दोन्ही नमुने थर्माकोलच्या डब्यात, बर्फाच्या पिशव्यांत,
रात्रीच्या बसने बंगळूरला जायचे.
डबा भरता भरता सहज विचारलं,
असा ताप पूर्वी कधी?

बर्फाकडे बघत राहिले.
“एकदा. वर, चौकीवर. तिघांत दोन कांबळी,
दीड महिना अंघोळ न्हाई. शिवणीत नुसत्या वळवळायच्या.
मी तापात कायबी बडबडत हुतो म्हणं,
भैरू सांगायचा. मग भैरूच…”
पुढचं वाक्य त्यांनी डब्याच्या झाकणावर ठेवलं.
मी वरून चिकटपट्टी मारली.

रिपोर्ट आला.
आयजीएम नाही. आयजीजी: पहिल्यात एकास दोनशे छप्पन्न,
दुसऱ्यात एकास दोन हजार अठ्ठेचाळीस.
म्हणजे ताप नवा नाही.
बावन्न वर्षं कुठल्याशा गाठीत दबा धरून होता.
यांनी पेन्शन घेतली, भात लावला, दोन मुली दिल्या,
आणि तो आत मस्टरवर हजर.
दोन हजार पट पाणी घाला,
रक्त अजून त्याला नावानिशी ओळखतं.

“काय निघालं?”
जुनंच आहे, नाईक.
“भैरूचं असंल,” म्हणाले,
आणि टोपी नीट केली.

फॉर्मवर शेवटचा रकाना:
लागण कुठे झाली. गाव, तालुका, जिल्हा.
बेळगुंदी लिहिलं, खोडलं.
शिवलीला दारातून विचारते, ऊट आयता?
नाही अजून, म्हणते मी,
हे एवढं राहिलंय.